मुलं शाळेला लागली, आता पुन्हा नोकरी: कोकणात राहून कामावर परतताना

पुन्हा नोकरी करायची असं ठरलं की बहुतेकजणी आधी जुना बायोडेटा शोधायला बसतात. तो कुठल्यातरी बंद पडलेल्या ईमेलमध्ये असतो आणि वर लग्नाआधीचा फोटो असतो. मुंबईत ते चालून जातं, कारण तिथे लोकल चुकली तर पाच मिनिटांत दुसरी येते. कोकणात बायोडेट्याचा नंबर बराच नंतर लागतो. सकाळची कुठली एसटी तुमच्या फाट्यावर थांबते, परतीची गाडी किती वाजता आहे आणि मूल शाळेतून आल्यावर घरात कोण असतं, हे आधी बघावं लागतं. एवढं जमलं की काम शोधणं फार अवघड नाही. ते जमलेलं नसेल तर बऱ्या पगाराची नोकरीसुद्धा पहिल्या पावसाळ्यात सुटते.

मुलांसाठी चार-पाच किंवा दहा वर्षं घरी राहिलेल्या बायकांसाठी हे लिहिते आहे. कुणी अंधेरीच्या ऑफिसातली नोकरी सोडून सासरी गावाला आली, कुणी चिपळूणच्या दवाखान्यात नर्स होती, तर कुणी डीएड करून कधी शाळेवर रुजूच झाली नाही. पुढच्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्या.

आधी वेळापत्रक

एसटीच्या वेळा मोबाईलवर बघून ठरवू नका. स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीत विचारा आणि त्यापेक्षाही तुमच्या मार्गावरच्या कंडक्टरला विचारा. आपल्याकडे आतल्या गावांना मुख्य आधार वस्तीच्या गाडीचा. ती पहाटे सुटते आणि रात्री परत येते, मधल्या फेऱ्यांचा भरवसा कमी. शिवाय काही फेऱ्या शाळेच्या मुलांसाठीच असतात. त्या दिवाळीत आणि मे महिन्यात बंद होतात, आणि नव्याने कामाला लागलेल्या बाईला हे सुट्टी लागल्यावरच कळतं. म्हणून प्रत्येक गाडीपुढे लिहून ठेवा: रोजची आहे, शाळेपुरती आहे, की रविवारी नसते.

आता एक दिवस कागदावर मांडून बघा. समजा तुम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत राहता आणि रत्नागिरीत दहा ते सहाची नोकरी मिळते आहे. वाडीतून हायवेपर्यंत वीस मिनिटं चाल, मग गाडीची वाट, दीड तास प्रवास, स्टँडवरून शहर बस किंवा रिक्षा. म्हणजे पावणेआठला घर सोडायला हवं. संध्याकाळी सहाला सुटलात तरी स्टँडवर साडेसहा, गाडी मिळून घरी यायला साडेआठ. जवळजवळ तेरा तास घराबाहेर. तीच बाई देवरुखला किंवा संगमेश्वरातच दोन-तीन हजार कमी पगारावर लागली तर साडेसहाला घरी असते आणि मुलाचा अभ्यास झोपायच्या आधी होतो. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्षभर एका बाजूचा प्रवास तासाच्या वर नको. पगार पुढच्या नोकरीत वाढवता येतो.

चिपळूण आणि लोट्याची एमआयडीसी यांच्या मधे परशुराम घाट आहे. जोराच्या पावसात दरड आली की तो बंद होतो. कंपनीची बस असेल तर घाट बंद असताना हजेरीचं काय धरतात, हे आधीच विचारा. कोकण रेल्वेवर रोजची नोकरी बेतणार असाल तर दोन गोष्टी बघा. बरीचशी स्टेशनं गावापासून लांब आहेत, त्यामुळे रिक्षाचा खर्च वेगळा धरा. आणि जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्यांच्या वेळा बदलतात. जानेवारीत सोयीची वाटलेली गाडी जुलैत तशी राहत नाही.

खर्चाच्या बाजूने एक दिलासा आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पण खरी मोकळीक स्कूटर देते. येत नसेल तर नोकरी शोधायच्या आधी शिका, आणि पाऊस संपल्यावर शिका. चिखलाच्या उतारावर शिकायला सुरुवात केली की भीती बसते ती बसतेच. शिकाऊ लायसन्स काढल्यावर तीस दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते आणि शिकाऊची मुदत सहा महिने असते. दिवाळीला सुरुवात केली तर शिमग्यापर्यंत गाडी हातात येते.

चार वाजता घरी कोण

अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घेते, पण काही तासांपुरतीच. इंग्रजी माध्यमाची नर्सरी बाराच्या सुमारास सुटते. जिल्हा परिषदेची शाळा संध्याकाळपर्यंत असते, पण शनिवारी सकाळची. पाळणाघर रत्नागिरी किंवा चिपळूणसारख्या शहरात मिळेल, वाडीत मिळणार नाही. म्हणजे उरतात सासूबाई, आई किंवा शेजारच्या काकी.

काकींकडे ठेवणार असाल तर महिन्याचे पैसे ठरवून द्या. "अगो, पैसे कसले देतेस" असं त्या म्हणतील, तरी द्या. उपकारावर चाललेली सोय आपल्याला हक्काने मागता येत नाही आणि काकींनाही "आज जमत नाही" म्हणायचा संकोच वाटतो. पैसे ठरले की दोघी मोकळ्या.

सासूबाईंशी बोलताना "मुलांना सांभाळाल ना?" असं मोघम विचारू नका. त्या हो म्हणतात, आणि महिन्याभरात सगळा दिवसच त्यांच्या अंगावर पडतो. तास सांगून विचारा: "आई, सोमवार ते शुक्रवार तीन ते साडेसहा तुम्ही बघाल का? सकाळचं आवरणं, रात्रीचं आणि रविवारचं माझ्याकडे." मग त्यांचं वर्ष समोर ठेवा. जुलैत लावणी असते, ऑक्टोबरात कापणी, मार्चपासून काजू आणि आंबा. त्या दिवसांत आजी-आजोबा घरी नसतात, शेतात किंवा बागेत असतात. मंगळवारी भजन असेल तर मंगळवार सोडा. ही यादी केली की मदतीचे कच्चे दिवस दिसतात, आणि तेवढ्याच दिवसांसाठी दुसरा माणूस बघायचा असतो.

नवरा मुंबईला किंवा बोटीवर असेल तर आणखी एक गोष्ट करा. शाळेला लेखी कळवा की तुमच्याशिवाय मुलाला न्यायला कोण येऊ शकतं. नाव आणि मोबाईल नंबर द्या. पावसामुळे शाळा अकराला सोडून दिली आणि तुम्ही तीस किलोमीटरवर असलात, तर हाच कागद उपयोगी पडतो.

मग मूल आजारी पडलं तर? पहिल्या दिवशी तुम्ही रजा घ्याल, दुसऱ्या दिवशी कोण, हे आजच ठरवून ठेवा. नवरा गावातच असेल तर ते नाव त्याचं असावं, आणि हे त्याच्याशी बोलून ठरलेलं असावं.

हातात किती उरतं

एक नमुना हिशेब बघा. पगार १४,००० धरा. एसटी आणि रिक्षा १,६००, शेजारच्या काकी ३,०००, भांड्यांना बाई १,२००, कपडे-चप्पल-मोबाईल-चहा १,०००. खर्च झाला ६,८०० आणि उरले ७,२००. पीएफ कापला जात असेल तर मूळ पगाराच्या १२ टक्के आणखी कमी, पण ते पैसे तुमचेच आहेत. ईएसआय लागू असेल तर ०.७५ टक्के कपात, आणि त्यात घरच्यांच्या औषधपाण्याची सोय होते. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत लागत नाही. पगाराच्या चिठ्ठीवर २०० रुपये कापलेले दिसले तर विचारा.

अर्ध्याच्या आसपास उरत असेल तर पहिल्या नोकरीला ते ठीक आहे. एक तृतीयांशही उरत नसेल तर अंतर किंवा तास बदलल्याशिवाय हो म्हणू नका. "अनुभव मिळेल" हे मालक सांगतो, ते आपण आपल्याला सांगायचं नसतं.

लाडकी बहीण योजनेचा हप्ता घेत असाल तर कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, हे लक्षात ठेवा. तुमचा पगार त्यात मिळवून बघा. १,५०० रुपयांसाठी नोकरी नाकारू नये, पण नियम माहीत असावा.

पगार तुमच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात यावा. मुंबईत उघडलेलं जुनं खातं दोन वर्षं वापरलं नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं. आधार-पॅन घेऊन शाखेत जा, केवायसी करून ते पुन्हा चालू होतं.

कागदांचा गुंता

गाडी खरी अडते ती इथे, आणि वेळही इथेच जातो. म्हणून नोकरी मिळायच्या आधी दोन-तीन महिने हे काम सुरू करा.

पहिली अडचण नावाची. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर कधी एक तर कधी दुसरं. पीएफला आणि बँकेला एकच नाव लागतं. विवाह नोंदणीचा दाखला हा दोन्ही नावांना जोडणारा दुवा. तो नसेल तर आधी तो करा. गावात ग्रामसेवक हेच विवाह निबंधक असतात. त्यावर भागत नसेल तर राजपत्रात म्हणजे गॅझेटमध्ये नावबदल प्रसिद्ध करून घ्या. अर्ज ऑनलाईन होतो. मग आधार, पॅन, बँक आणि पीएफ या सगळीकडे एकच स्पेलिंग. "वैशाली"च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर पीएफचं काम महिनोन्महिने अडवून ठेवतं.

जातीचा दाखला मात्र माहेरचाच चालतो, लग्नाने जात बदलत नाही. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर वडिलांकडचे जुने पुरावे लागतात. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर पुढच्या खेपेला जाल तेव्हा भावाला सांगून शाळेचे जुने दाखले काढून ठेवा.

दुसरी गोष्ट जुन्या पीएफची. २०१४ नंतर नोकरीत होता तर यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, असणार. तो जुन्या पगाराच्या चिठ्ठीवर सापडतो. त्याआधी नोकरी सोडली असेल तर जुना सभासद क्रमांक शोधा. मोबाईल नंबर बदलला असेल तर आधी आधारला नवा जोडा, कारण ओटीपी तिथेच येतो. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर शेवटची रक्कम जमा होऊन दोन महिने उलटल्यावर ती तुम्हीच पोर्टलवर भरू शकता. कंपनी बंद पडली असली तरी हे जमतं. आणि जुने पैसे काढून घ्यायची घाई करू नका. पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते. लग्नाआधीची चार वर्षं नव्या नोकरीत जोडून घेतली तर ती मोजली जातात.

पुरात कागद गेलेल्यांची गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात कितीतरी घरांतल्या फायलींचा लगदा झाला. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मिळते, पण वेळ लागतो. शाळा-कॉलेजातून अर्जाची सुरुवात करा. डिजिलॉकरवर काय उपलब्ध आहे ते आधी बघा. मिळालेला प्रत्येक कागद स्कॅन करून ठेवा, आणि मूळ प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर.

अनुभवाचा दाखला जुन्या ऑफिसने दिलाच नसेल तर नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट किंवा पीएफचं पासबुक चालतं. यातलं काहीतरी एक सापडतंच.

हात पुन्हा बसवायचा

सरसकट "कॉम्प्युटर कोर्स करा" हा सल्ला मला पटत नाही. तुमचं काम कोणतं होतं, त्यावर काय शिकायचं ते ठरतं.

अकाउंट्समध्ये होता आणि २०१७ च्या आधी सोडलं असेल तर तुम्हाला व्हॅट येतो, जीएसटी येत नाही. १ जुलै २०१७ ला तो लागू झाला आणि कामाची पद्धतच बदलली. टॅलीचा वर्ग लावा, पण त्याहून चांगलं म्हणजे तालुक्याच्या गावातल्या एखाद्या कर सल्लागाराकडे किंवा सीएंच्या ऑफिसात काही आठवडे बसा. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास तिथे रिटर्न भरायची धांदल असते आणि जास्तीचा हात हवाच असतो. तीन महिन्यांची रिटर्न हाताखालून गेली की मुलाखतीत बोलता येतं.

डीएड-बीएड असाल आणि टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा कधीतरी पास झाला असाल तर ते प्रमाणपत्र फेकू नका. त्याची मुदत सात वर्षं होती. २०२१ मध्ये ती आजीवन केली गेली आणि २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांनाही ते लागू झालं. सरकारी भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल हा रस्ता आहे. तोपर्यंत खासगी शाळेत पगार कमी असतो, पण सुट्ट्या मुलांच्या सुट्ट्यांशी जुळतात, आणि पहिल्या दोन वर्षांत त्याची किंमत पगाराइतकीच आहे.

नर्स आणि फार्मासिस्ट यांनी आधी आपापल्या कौन्सिलची नोंदणी चालू आहे का बघावं. संपली असेल तर नूतनीकरण करून मगच अर्ज. रात्रपाळी जमणार नसेल तर पहिल्याच भेटीत सांगा. छोट्या दवाखान्यांना दिवसपाळीची माणसंही हवी असतात.

बीएस्सी केमिस्ट्री करून लोट्याला किंवा महाडला लॅबमध्ये होता तर उपकरणांवरचा हात महत्त्वाचा. एचपीएलसी (नमुन्यातले घटक तपासायचं यंत्र) पूर्वी चालवत होता का, कोणतं सॉफ्टवेअर होतं, हे नेमकं आठवून ठेवा. सराव सुटला असेल तर तसं सांगून पहिले पंधरा दिवस कुणाच्या हाताखाली काम करायची तयारी दाखवा.

लिपिकाच्या सरकारी जागांना एमएससीआयटी आणि टायपिंग लागतं: मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०. वयाची मर्यादा राज्याच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. पस्तिशी उलटली असेल तर खासगी नोकरी शोधता शोधताच हे फॉर्म भरत राहा, एकासाठी दुसरं थांबवू नका. अंगणवाडी सेविका आणि आशा या जागांना त्याच गावची रहिवासी हवी असते, म्हणून प्रवासाचा प्रश्नच येत नाही. मात्र आशाताईंना पगार नसतो, कामावर आधारित मोबदला असतो, हे समजून अर्ज करा.

कधी आणि कुठे शोधायचं

कोकणातल्या भरतीला ऋतू आहेत. इंग्रजी माध्यमाच्या शाळा मार्च ते मेमध्ये शिक्षक बघतात. जूनमध्ये गेलात तर उरलीसुरली जागा. पतसंस्था ३१ मार्चचं क्लोजिंग होईपर्यंत कुणाशी बोलायच्या मनःस्थितीत नसतात, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जा. मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे, दापोली, अलिबाग इथली हॉटेलं दिवाळीपासून मेअखेरपर्यंत गजबजलेली असतात, म्हणून गणपती उठले की लगेच भेटा. आंब्याचं कॅनिंग मे महिन्यात जोरात असतं आणि पावसाबरोबर संपतं. महिना-दीड महिन्याचं ते काम बारा महिन्यांच्या नोकरीला पर्याय नाही, पण घरचं वेळापत्रक कितपत टिकतं हे अजमावायला उत्तम. मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत काम घेताना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा पगाराचं काय, ते विचारा.

शोधायच्या जागा म्हणाल तर रत्नागिरीची मिरजोळे, चिपळूणची खेर्डी आणि खडपोली, खेडजवळ लोटे आणि कुडाळची एमआयडीसी. गेटवर बायोडेटा देऊन येण्यापेक्षा आत काम करणाऱ्या बाईकडून नाव पोचवलेलं बरं. तुमच्या वाडीतून त्या दिशेला रोज कोण जातं, ते वस्तीच्या गाडीत बसून बघा. सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, जिल्ह्याचे रोजगार मेळावे तिथे कळतात. जाहिरात मात्र अजूनही स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर येते आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते.

"घरबसल्या डेटा एंट्री, महिना पंचवीस हजार" अशी पोस्ट आली आणि पुढे नोंदणी, सॉफ्टवेअर किंवा अनामत म्हणून पैसे मागितले, तर ती फसवणूक आहे. नोकरी देणारा पैसे घेत नाही. टेलिग्रामवर आधी दोनशे रुपये देऊन विश्वास बसवतात आणि मग हजारोंनी उकळतात. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे मिळायची आशा कमी. घरून करायचं खरं कामही आहे, पण त्यासाठी पावसात वीज आणि नेट किती तास टिकतं याची नोंद एका जुलैत ठेवा. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड हा त्या नोकरीचा खर्च धरा.

बायोडेटा आणि मुलाखत

मधली वर्षं लपवू नका. तारखा गाळलेला बायोडेटा वाचणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतो. "गृहव्यवस्थापनाचा अनुभव" असलं भारदस्त काही लिहिण्याचीही गरज नाही. सरळ लिहा:

"२०१८ ते २०२५: दोन मुलांच्या संगोपनासाठी नोकरी थांबवली. या काळात गावातील महिला बचत गटाची सचिव म्हणून जमाखर्च आणि बँकेचे व्यवहार पाहिले. २०२५ मध्ये टॅली व जीएसटीचा वर्ग पूर्ण केला."

बचत गटाची वही लिहिणं, कर्जाचे हप्ते वसूल करणं, बँकेत मॅनेजरसमोर बसून प्रस्ताव समजावणं हे खरं काम आहे आणि ते दाखवता येतं. वहीच्या दोन पानांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, उन्हाळ्यात कोकम सरबताच्या ऑर्डरी घेत असाल, मुलांची शिकवणी घेत असाल, तेही एका ओळीत येऊ द्या. एकच पान पुरे.

मुलाखतीत तीन प्रश्न हमखास येतात. "मुलं लहान आहेत, जमेल का?" याला "हो, जमेल" एवढंच उत्तर नको: "तीन ते साडेसहा सासूबाई आहेत, त्यांना जमत नसेल तेव्हा शेजारच्या काकी. तुमच्या वेळेला धरून साडेआठची एसटी आहे." ऐकणाऱ्याला व्यवस्था दिसते. दुसरा प्रश्न खास आपल्याकडचा: "मिस्टर मुंबईला असतात, मग तुम्हीही जाणार ना उद्या?" मालकाची खरी भीती ही असते. मुलं इथल्या शाळेत आहेत आणि पुढची काही वर्षं आपण इथेच आहोत, हे खरं असेल तर ठामपणे सांगा. तिसरा प्रश्न पगाराचा. सात वर्षांपूर्वीचा आकडा सांगू नका. आज त्या जागेवरच्या बाईला काय मिळतं ते आधी काढा आणि तो आकडा सांगा. पलीकडून "गॅप आहे, म्हणून कमी" असं आलं तर तीन महिन्यांनी काम बघून वाढवण्याचं कागदावर मागा.

हो म्हणण्याआधी

नेमणुकीचं पत्र मागा. पगार, तास, सुट्टीचा वार, पीएफ असेल तर त्याचा उल्लेख. दुकान-ऑफिससाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. हॉटेलात लागताना हे लक्षात असू द्या. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. मोठ्या कंपनीत हे विचारायला संकोचू नका. १० किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. त्याहून छोट्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, घटनेपासून तीन महिन्यांत. आणखी एका बाळाचा विचार असेल तर मातृत्व रजेसाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं, हेही माहीत असू द्या.

आणि गणपतीची सुट्टी. हे रुजू होण्याआधीच बोला. घरी पाच दिवसांचा असेल की गौरीबरोबर विसर्जन असेल, त्याप्रमाणे किती दिवस हवेत ते सांगा. ऑफिसातल्या सगळ्यांनाच ते दिवस हवे असतात आणि नव्या माणसाचा नंबर शेवटी लागतो. पहिल्या वर्षी शिमगा सोडून गणपती मागा, किंवा गणपतीत दोन दिवस कमी घेऊन मे महिन्यात चार दिवस जास्त मागा. मुंबईचे दीर-जावा येतील तेव्हा घरात वीस माणसांचा स्वयंपाक असतो. रजा तीनच दिवसांची असेल तर तसं घरी जूनमध्येच सांगा, आदल्या रात्री नव्हे.

स्वतःचं काही करायचं असेल तर

थोडक्यात सांगते, कारण तो वेगळा मोठा विषय आहे. आंबापोळी, फणसपोळी, काजू, कोकम यांचं घरगुती काम वाढवायचं असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत म्हणजे आरसेटीत मोफत प्रशिक्षण मिळतं. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आहे. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची २०२० मध्ये सुरू झालेली योजनाही ३५ टक्के देते, कमाल १० लाख. तिची सध्याची स्थिती कृषी खात्याच्या कार्यालयात विचारा. पण दोन्ही योजना बँकेच्या कर्जाला जोडलेल्या आहेत. अनुदान दिसतं म्हणून कर्ज काढू नका. गेल्या उन्हाळ्यात किती माल रोखीने खपला, तो आकडा समोर ठेवून मग बँकेत जा.

पहिले तीन महिने

रुजू व्हायला शाळा सुरू होण्याचा जून टाळता आला तर टाळा. नवी वह्या-पुस्तकं, नवा वर्ग आणि पहिला पाऊस यात तुमचं नवं ऑफिस नको. नोव्हेंबर किंवा जानेवारी चांगला.

कामावर पहिल्या महिन्यात सगळं नवीन वाटेल. तुमच्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी तुम्हाला सॉफ्टवेअर शिकवेल. शिका, वहीत लिहून घ्या, तेच तेच दोनदा विचारायची वेळ येणार नाही. घरी मुलं पहिले काही दिवस बिलगून राहतील आणि मग एक दिवस दप्तर टाकून खेळायला पळतील. रात्रीचा स्वयंपाक आटोपशीर ठेवा. पेज, लोणचं आणि भाजलेला पापड यावर कोकणातली पिढ्यान्पिढ्या माणसं वाढली आहेत.

तीन महिने झाले की मघाचा हिशेब पुन्हा मांडा, या वेळी खऱ्या आकड्यांनी: प्रवासाला किती तास गेले, रजा किती पडल्या, हातात किती उरले. काकींना विचारा की त्यांना कसं जातंय. रजा जास्त पडल्या असतील तर कोणत्या वारी पडल्या ते बघा. बहुतेकदा एकच वार सारखा निघतो, एखादा शनिवार, आणि मग साहेबांकडे जाऊन तेवढ्या एका वाराची वेळ बदलून मागता येते.